पिवळं, पाच पाकळ्यांचं रानफूल ओळखायचं? आधी उलटं करून बघा

उंच डोंगरावरच्या कुरणात पिवळी, पाच पाकळ्यांची इवली फुलं ढिगाने असतात आणि वरून काढलेल्या फोटोत सगळी एकसारखीच दिसतात. ओळख पटते ती बहुधा फुलाच्या मागच्या बाजूने.

१. देठ हलकेच वाकवून पाकळ्यांखालची हिरवी दलं मोजा. आत पाच आणि त्यांच्या फटींत बाहेरून आणखी पाच, अशी दहा दिसली तर बहुतेक पोटेंटिला. फक्त पाचच आणि पाकळ्या वार्निश लावल्यासारख्या चकचकीत असतील, तर बटरकप.

२. दलं पाचच, पण चकाकी नाही? मग पुंकेसर मोजा. दहाच असतील आणि मधोमध दोन शिंगांचा बीजकोश असेल तर सॅक्सिफ्रेज. वरच्या दोघांत पुंकेसर सहसा बरेच जास्त असतात.

३. पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे दोन छोटी उपपर्णं (पानासारखे इवले भाग) असतील तर या तिघांपैकी ते पोटेंटिलाच असण्याची शक्यता जास्त.

फोटो तीन हवेत: समोरून, मागून आणि बुडाच्या पानांचा. शेजारी नाणं ठेवा, आकार कळतो. भिंग नसेल तर मोबाइलचा मॅक्रो मोड चालतो.

फूल तोडू नका. बटरकपच्या रसाने त्वचेची आग होऊ शकते.