योजनेचा मेसेज पुढे ढकलण्याआधी

'महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दीड लाखापर्यंत मोफत उपचार' हा मेसेज अजून फिरतोच आहे. आकडा खोटा नाही, शिळा आहे. २०२३च्या शासन निर्णयात तो कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाला.

१. मेसेजवर तारीख शोधा. नसेल तर तिथेच थांबा.

२. आकडा शासन निर्णयाच्या पीडीएफशी ताडा, बातमीच्या कात्रणाशी नको. कात्रणातली तारीख बहुतेक वेळा कापलेलीच असते!

३. रुग्णालय योजनेच्या यादीत असलं तरी १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा: 'या आजारासाठी तिथे योजना चालते का?' हृदयविकारासाठी असलेलं रुग्णालय हाडांसाठी असेलच असं नाही.

फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर मात्र सरळ फोन ठेवा.