जिन्याखालची चेतक पुन्हा रस्त्यावर आणताना

रंग सगळ्यात शेवटी. जुनी स्कूटर हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, कारण बहुतेकांची सुरुवात पेंटरकडूनच होते. मग चकचकीत गाडी महिनाभर दारात उभी राहते आणि इंजिन खोलताना नव्या रंगावर पान्याचे ओरखडे उठतात. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी जिन्याखाली बाबांची 1978 ची चेतक चौदा वर्षं उभी होती. तिच्यावर काम करताना जो क्रम हाती आला, तोच इथे देतो.

आधी कागद. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्या. जुळत नसेल तर पुढचा एक रुपयाही खर्च करू नका. नोंदणीची पंधरा वर्षं केव्हाच उलटलेली असतात, तेव्हा आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करावं लागतं. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे. पण ती घेतली की रोज भाजी आणायला गाडी नेता येत नाही, ती प्रदर्शन-रॅलीपुरती उरते. आमची गाडी 2028 मध्ये पन्नाशीची होईल. तरी मी साधं नूतनीकरणच करत राहणार, मला ती चालवायची आहे.

मग पत्रा. चेतकला वेगळी चौकट नसते, दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणून पाय ठेवायची फळी गंजली असेल तर तो सांगाड्याचाच गंज समजा. पायपुसणं उचला आणि खालून-वरून लोहचुंबक फिरवा. जिथे चुंबक चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. डेंटिंगवाल्याला एक गोष्ट बजावून ठेवा: चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरवायचा नाही.

आता इंजिन. इथे घाई नडते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला सरळ किक मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, जोर लावला की भिंतीवर ओरखडे पडतात. प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे टूटी ऑइल (टूस्ट्रोक इंजिनचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) सोडा आणि दोन दिवस विसरून जा. नंतर प्लग न लावता पंख्याच्या बाजूने इंजिनचं चाक हाताने हळूहळू मागे-पुढे करा. सुटलं की मग किक. आमचं तिसऱ्या दिवशी सुटलं. त्या वेळी बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘‘प्लग कुठला घातलास?’’

सुटलं म्हणजे झालं असं नाही. हे टूस्ट्रोक इंजिन, 145 सीसीचं, 57 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तेवढाच स्ट्रोक (पिस्टनची चाल). याचा जीव ऑइल सीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांमध्ये असतो. रबर जुनं झालं की कडक होतं. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. पंख्याच्या बाजूचं गेलं तर हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप चढते आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. म्हणून मिस्त्री ‘‘चालतंय की’’ म्हणाला तरी दोन्ही सील आणि गॅस्केट बदलूनच घ्या. सिलिंडर झिजला असेल तर लेथवर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन टाकावा लागतो. पिस्टन आधी घ्या, बोअर त्याच्या मापाने करा.

पेट्रोलची टाकी उतरवून आत टॉर्च मारा. गंज असेल तर रात्रभर व्हिनेगर भरून ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच ऑइलमिश्रित पेट्रोलने खळबळा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबराला फुगवतं, म्हणून नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरचं गॅस्केट नवंच घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. हवेने फुंकून काढा.

पॉइंटवाल्या मॉडेलमध्ये पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारा उघडझाप होणारा स्विच) बारीक पॉलिश पेपरने साफ करून अंतर 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवा, प्लगचं 0.6. वायरी बदलून टाकणं बरं.

ब्रेकचे ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. क्लच, गिअर, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांच्या सगळ्या तारा नव्या टाका. इंदूरच्या सियागंज बाजाराच्या बाजूने एक सकाळ फिरलात तर बरंच सामान मिळून जातं. आणि चाकाबद्दल एक गंभीर गोष्ट: रिम दोन तुकड्यांची असते. तुकडे जोडणारे नट ढिले करण्यापूर्वी ट्यूबमधली हवा पूर्ण काढा. भरल्या हवेवर नट सोडले तर रिम अंगावर उडते.

एवढं झालं की मग पेंटरकडे.

चालवताना पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिलिलिटर टूटी ऑइल, म्हणजे 2 टक्के. चेतकहून जुन्या काही मॉडेलांना जास्त लागतं, तेव्हा आपल्या गाडीची पुस्तिका बघा. नवा पिस्टन असेल तर पहिले 500 किलोमीटर चाळिशीच्या खालीच. या काळात मी ऑइल लिटरला 30 मिलिलिटर ठेवलं होतं. इंजिन उजव्या बाजूला असल्याने गाडी तिकडे थोडी ओढते, आठवडाभरात हात सरावतो. पुढचा टायर 18 पौंडांच्या आसपास, मागचा 25, मागे कोणी बसलं तर 35.

लांबची पहिली फेरी मी खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे चोरलपर्यंत केली. घाट उतरताना कारची सवय असलेल्यांची चूक होते: ॲक्सिलरेटर बंद करून गिअरमध्ये गाडी सोडून देतात. टूस्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. ॲक्सिलरेटर बंद, चाकं इंजिनला फिरवतायत, आणि पिस्टन जवळजवळ कोरडा. म्हणून उतारावर दर थोड्या वेळाने ॲक्सिलरेटर थोडा उघडून बंद करा. कुठेही इंजिनाचा आवाज आवळल्यासारखा झाला, गाडी आपोआप मंदावू लागली, तर विचार न करता क्लच दाबा. पिस्टन धरण्याची ती खूण आहे. बाजूला घ्या, अर्धा तास गार होऊ द्या, प्लग काढून बघा.

परतीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायचा. बाबांनी निघताना तेवढंच सांगितलं होतं.