लाकडी ग्लायडरसाठी एअरफॉइल कसा निवडावा

घरी बनवायच्या रेडिओ-नियंत्रित ग्लायडरसाठी एखाद्या मोठ्या स्पर्धेतील मॉडेलचा एअरफॉइल, म्हणजे पंख पुढून मागे कापल्यास दिसणारा आकार, जसाच्या तसा उचलावा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. ती मॉडेल्स साच्यात कार्बन व ग्लास फायबर घालून केलेली असतात, त्यामुळे त्यांच्या पंखाचा आकार कागदावरच्या आकाराशी तंतोतंत जुळतो. बाल्सा या हलक्या लाकडाच्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) आणि त्यांवर ताणलेली प्लॅस्टिकची फिल्म यांना ते जमत नाही. आपली रचना जो आकार शेवटपर्यंत राखू शकेल, तोच एअरफॉइल आपल्यासाठी चांगला.

पहिली पायरी हिशेबाची. समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअसला, मीटर प्रतिसेकंदातला वेग, मिलिमीटरमधली कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) आणि ७० यांचा गुणाकार केला की रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे पंखावरून हवा कशी वाहील याचा अंदाज देणारा आकडा, मिळते. पुण्यासारख्या ५६० मीटर उंचीच्या ठिकाणी ३५ अंशांच्या दुपारी हवा विरळ असते, म्हणून तिथे ७० ऐवजी ५७ घ्यावेत. २ मीटर पंखविस्ताराचा, मुळाशी २०० आणि टोकाला १२० मिमी कॉर्ड असलेला ग्लायडर ८ मीटर प्रतिसेकंद वेगाने जात असेल, तर मुळाशी सुमारे ९१ हजार आणि टोकाला जेमतेम ५५ हजार ही संख्या येते. एवढ्या कमी संख्येवर हवेचा थर पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून सुटतो, उशिरा पुन्हा चिकटतो, आणि मधल्या बुडबुड्यामुळे ड्रॅग (हवेचा विरोध) एकदम वाढतो. म्हणून वेगवेगळ्या रेनॉल्ड्स संख्यांना एअरफॉइलचा ड्रॅग दाखवणारे आलेख पाहताना ६० हजार आणि १ लाख या दोनच रेषा पाहाव्यात. २ लाखांची देखणी रेषा आपल्या उपयोगाची नाही.

आता निवड. व्हर्जिनियस क्लार्क यांचा १९२२ सालचा क्लार्क वाय हा एअरफॉइल पुढच्या ३० टक्क्यांनंतर खालून सपाट असल्याने बांधायला सोपा आहे, पण ११.७ टक्के जाडी या आकाराच्या ग्लायडरला जड पडते. आरजी१५ हा एअरफॉइल पूर्ण शीट केलेल्या, म्हणजे बाल्साच्या पातळ फळीने मढवलेल्या, पंखासाठी ठेवावा. एसडी७०३७ उत्तम आहे, मात्र त्याचा तळ सपाट नसल्याने रिबखाली आधार देऊन पंख बांधावा लागतो. पहिल्या उघड्या रिबच्या (मागचा भाग फक्त फिल्मने मढवलेल्या) पंखासाठी मी नि:शंकपणे मार्क ड्रेला यांचा एजी३५ सुचवतो: जाडी ८.७ टक्के, तळ बराचसा सपाट, आणि टोकाकडे क्रमाने पातळ होत जाणारे एजी३६, ३७, ३८ हे त्याचे सोबती तयारच आहेत.

खरी अडचण पुढच्या पायरीत आहे आणि तिने मला फार छळले आहे: निवडलेला आकार पंखाच्या नाकापाशी टिकवणे. पुढच्या १० टक्क्यांत आकार बिघडला, तर मागे कितीही नेटके काम केले तरी आलेखातला ड्रॅग मिळत नाही. यातला पहिला सापळा शीटच्या जाडीचा. १.५ मिमी बाल्सा शीट वरून आणि खालून लावायची असेल, तर रिबच्या नकाशातून दोन्ही बाजूंनी तेवढी जाडी वजा केलीच पाहिजे. २०० मिमी कॉर्डचा एसडी७०३७ मुळात १८.४ मिमी जाड असतो. वजाबाकी विसरली की तो २१.४ मिमी होतो, म्हणजे ९.२ टक्क्यांचा एअरफॉइल १०.७ टक्क्यांचा झाला. नकाशा छापल्यावर कॉर्ड पट्टीने मोजून घ्यावी, कारण प्रिंटर ‘पानात बसवा’ या सेटिंगवर असला की रिब गुपचूप लहान होते.

दुसरा सापळा पॉलिश पेपरचा. लीडिंग एज (पंखाची पुढची कड, म्हणजेच नाक) नुसत्या हाताने घासू नये. जाड प्लॅस्टिकच्या पत्र्यातून मूळ, मध्य आणि टोक अशा तीन ठिकाणांचे उलटे साचे कापावेत, पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर चिकटवावा, आणि दर काही फेऱ्यांनंतर साचा नाकावर बसवून पाठीमागून दिवा धरावा. जिथे उजेड झिरपतो तिथे आता घासायचे नाही. नाक गोल दिसले की काम झाले, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. पेन्सिलीसारखे गोल नाक हा दुसराच एअरफॉइल असतो.

तिसरा सापळा फिल्मचा. इस्त्रीने ताणलेली फिल्म दोन रिबांच्या मध्ये खाली बसते आणि तिथला कॅम्बर (पंखाची कमान) घटतो. म्हणून लीडिंग एजपासून स्पारपर्यंत (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत), वर आणि खाली, शीट लावायचीच. वजनाची सबब मी मान्य करत नाही, कारण शीट आणि स्पार यांची हीच पेटी पंखाला पीळही पडू देत नाही. त्यामागे रिबमधले अंतर ५० ते ६० मिमी ठेवावे.

ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) १ मिमी जाडीपर्यंत उतरवावी. टोकाला एक ते दीड अंश वॉशआउट (मागची कड किंचित वर उचलणारा मुद्दाम दिलेला पीळ) द्यावा आणि फिल्म लावून झाल्यावर तेच साचे नाकावर पुन्हा बसवून पाहावेत.