विकायची चाल कुठंय?

शेतकरी घरातल्या तरुणांसोबत सिरियस गेम, म्हणजे काहीतरी शिकण्यासाठी खेळायचा खेळ, घेण्याच्या कामात तुम्ही नवे आहात. तो काय असतो, हे ट्रेनिंगमध्ये सांगून झालं असेल. पाणी वाटून घ्यायचं, पीक निवडायचं, पाच-सहा ‘वर्षं’ खेळायची आणि शेवटी विहीर कुणामुळे आटली ते बघायचं. आंध्र प्रदेशातल्या गावांमध्ये भूजलावर असे खेळ खेळवले गेले, तेही सांगितलं असेल. मी लिहितेय ते माझी फजिती कुठं झाली त्याबद्दल. माझ्या मागून या कामात आलेली तिघं नेमकी त्याच खड्ड्यात पडलेली मी पाहिली.

मी कळव्याला राहते, काम शहापूर-मुरबाडकडे. आसनगाव लोकल आणि पुढे मिळेल ती जीप. खेळाचा पट ठाणे स्टेशनजवळ फ्लेक्सवर छापून घेतला. दुकानदाराने सवयीने विचारलं, “मॅडम, फोटो कोणाचा टाकायचा?”

पटावर प्रत्येकाला एक एकर, म्हणजे गुंठ्याचे ४० चौकोन. खरिपात भात सगळ्यांनाच, त्यात निवडण्यासारखं काही नाही. खरी गंमत भात कापल्यावर. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकला तर पाण्याचा एक चिंचोका जातो, भेंडी लावली तर पाच. भेंडीला पैसे जास्त. विहीर पाचजणांत एकच. पाणी म्हणून चिंचोकेच वापरा, प्लास्टिकच्या सोंगट्या नकोत. वाटीत हात घालून चिंचोके उचलताना जो खळखळाट होतो ना, तो ऐकून बाकीचे चौघं आपोआप मान वळवतात. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथेच उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येतो. पाण्याचा हिशोब या मुलांना तुम्ही शिकवायला नको.

आता तो खड्डा. पहिल्याच सत्रात विशीतली पाच मुलं होती. दुसऱ्या वर्षाच्या रब्बीत एकजण थांबला आणि म्हणाला, “ताई, यात विकायची चाल कुठं हाय?”

मी हसले. म्हटलं, इथे जमीन विकायची नसते, टिकवायची असते. तो गप्प झाला. त्यानंतर पाचही जण इतके शहाण्यासारखे खेळले की बस! सगळ्यांनी वाल लावला, विहीर काठोकाठ. मी फोटो पाठवले, ऑफिसातून अंगठे आले. परतताना तोच मुलगा जीपपर्यंत सोडायला आला आणि सहज म्हणाला, “खेळात एकर माझा होता ना ताई. घरी सातबाऱ्यावर बाबा, तीन काका, दोन आत्या. मी कुठंच नाय.”

हे नीट समजून घ्या, मी दोनदा सांगेन. सातबाऱ्यातला गाव नमुना ७ म्हणजे जमीन कोणाची आणि नमुना १२ म्हणजे त्यात पीक कोणतं. आपला खेळ फक्त १२ खेळतो. ७ आपण प्रत्येक मुलाला फुकट वाटून टाकतो. प्रत्यक्षात राबतो तो, पण ठिबकच्या अनुदानाला जमीन नावावर लागते, खातं सामाईक असेल तर बाकीच्यांची संमती लागते, आणि ती संमती देणारी एक आत्या उल्हासनगरला असते जिच्याशी घरच्यांचं बोलणं बंद आहे. अशा मुलाला तुम्ही ‘तुझ्या शेताचं दहा वर्षांचं नियोजन कर’ म्हणालात तर तो छान नियोजन करेल. तुमच्या शेताचं.

आणि विकणं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तो शहापूरमधूनच उतरतो. भिवंडीकडे गोदामं. गावातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर जमिनीचा एक दलाल बसलेला असतो. जी चाल घरात रोज जेवताना चर्चेला येते ती पटावर नसेल, तर मुलं तुमच्याशी खेळत नाहीत, तुमचा मान राखतात. दुसऱ्यांदा सांगते: जमीन कोणाच्या नावावर आणि विकायची की नाही, या दोन गोष्टी खेळात नसतील तर बाकी सगळं कितीही सुंदर असो, ते नाटक आहे.

मी मग पटाभोवती सहावी जागा केली. तिथे बसणारा ‘घरचा’. वालाशिवाय दुसरं काहीही लावायचं तर त्याची सही घ्यायची, तो नाहीही म्हणू शकतो. दर वर्षाला एक दलालाचं कार्ड, म्हणजे जमीन विकायची संधी. परिणाम? पुढच्या सत्रात तिघांनी पहिल्याच वर्षी जमीन विकली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. एका वरिष्ठांनी सुचवलं, ते कार्ड काढून टाक, रिपोर्टला बरं दिसत नाही. हे गृहस्थ एकदाही दोन तास मांडी घालून पटाशी बसलेले नाहीत. असे मार्गदर्शक भेटतील, नमस्कार करा आणि कार्ड राहू द्या. फक्त विकणाऱ्याला उठू देऊ नका. त्याचे पैसे दर वर्षी पटावर खर्च होऊ द्या: लग्न, गाडी, घराचा स्लॅब. चौथ्या वर्षी तो काय बोलतो ते लिहून ठेवा. कधी ‘चुकलं’ म्हणतो, कधी ‘बरं झालं सुटलो’ म्हणतो. दोन्ही लिहायचं.

मोबाइलवरच्या तयार गेमच्या नादाला लागू नका. मुलं स्क्रीनकडे बघतात, एकमेकांकडे नाही. इंग्रजी कार्डं भाषांतर करून वापरायचा मोहही टाळा, मी ‘कव्हर क्रॉप’चं, म्हणजे जमीन झाकून ठेवणाऱ्या पिकाचं, ‘आच्छादन पीक’ असं छापलं होतं आणि अर्ध्या तासाने कळलं की सगळ्यांना ते शेडनेट वाटत होतं. हिवरे बाजार या आदर्श गावाचा दाखला जपून द्या. तिथला पाण्याचा ताळेबंद खरोखर शिकण्यासारखा आहे, पण तिथे पाऊस तुटपुंजा आणि इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. मुलं लगेच म्हणतात, “आमच्याकडं पाणी पडतं, थांबत नाय.” बरोबरच आहे.

पहिलं सत्र सगळ्यांचंच फसतं, त्याचं फार मनावर घेऊ नका. कोडिंग लागत नाही, शेतीची पदवी लागत नाही. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. लागतो तो वेळ, आणि खेळ संपल्यावर किमान खेळाइतकाच वेळ गप्पांना. पाऊण तासात उरकून शेवटची जीप पकडायची असेल तर जाऊच नका.

मागच्या महिन्यात खेळ रंगात असताना एका मुलाचे वडील त्याला दूध काढायला बोलवायला आले. उभ्या उभ्या बघत राहिले. सहावी जागा रिकामी होती, मी म्हटलं, “बसा ना काका.” बसले. मुलाने भेंडीसाठी सही मागितली, ते नाही म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा मागितली, पुन्हा नाही. तिसऱ्या वर्षी मुलाने पूर्ण एकर मागितलाच नाही, पटावरचे फक्त दहा चौकोन बोटाने दाखवले. काकांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं. मग म्हणाले, “दहा गुंठं घे. पण वढ्याकडचं नको, तिथं डुकरं येतात.”

पटावर ओढा काढलेलाच नव्हता.