गोठ्यातला धूर, जनावराचा मेंदू: काय बदलावे

सोलापूर भागात ऊसतोड सुरू झाली की पाचटाचा (उसाच्या वाळक्या पाल्याचा) धूर, चारा बारीक करणाऱ्या कडबाकुट्टीच्या इंजिनाचा धूर आणि डास घालवायला केलेली संध्याकाळची धुरी हे सगळं एकाच गोठ्यात जमतं. या धुरातले 100 नॅनोमीटरपेक्षा बारीक कण सर्वांत त्रासाचे. वासाच्या मज्जातंतूवाटे ते नाकातून थेट मेंदूकडे सरकतात. उंदरांना सुमारे 35 नॅनोमीटरचे कार्बनकण हुंगायला दिले, तर ते मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागात सापडले (2004). मेक्सिको सिटीच्या प्रदूषित भागातल्या कुत्र्यांच्या मेंदूत सूज आणि अल्झायमरमध्ये दिसणाऱ्या प्रथिनाचे साठे आढळले.

आधी धुरी बंद करा. गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला जाळला तरी धूर तो धूरच. कडुनिंबाचा म्हणून मेंदूला सोसतो असं नाही. शेण दिवसातून दोनदा उचला, साचलेलं पाणी काढा, मच्छरदाणीची जाळी लावा, पंखा चालू ठेवा. धुरी करायचीच झाली तर जनावरं बाहेर बांधा आणि धूर पुरता निघून गेल्यावरच आत घ्या.

मग कुट्टी. जमलं तर विजेची मोटर बसवा. डिझेल इंजिनच असेल तर काठीला चिंधी बांधून वारा बघा आणि सायलेन्सरचं तोंड असं करा की वारा धूर गोठ्यापासून लांब नेईल. बऱ्याच ठिकाणी इंजिन गव्हाणीला खेटून असतं, चारा टाकायला सोपं जातं म्हणून. चूक तिथेच होते.

पाचट पेटवू नका. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. खोडव्यात (तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटणाऱ्या उसात) ते सरीत पसरून त्यावर 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, वर पाणी द्या. पाणी कमी पडलं की पाचट कुजत नाही, आणि मग काडी ओढायचा मोह होतो.

कुत्र्याला फिरवताना मोठा रस्ता टाळा. वाहनांचे अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून पहिल्या 100-150 मीटरमध्येच झपाट्याने कमी होतात, म्हणून दोन-तीन गल्ल्या आत गेलात तरी फरक पडतो. थंडीतल्या पहाटे धूर जमिनीलगत अडकून राहतो. ऊन वर आल्यावर निघा. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दारूकामाच्या रात्री कुत्रा घरात, खिडक्या बंद.

हवेतले बारीक कण मोजणाऱ्या स्वस्त पीएम 2.5 मीटरवर मात्र विसंबू नका. त्यातल्या लेसरला साधारण 300 नॅनोमीटरखालचे कण दिसतच नाहीत. धूर सोडणाऱ्या इंजिनाशेजारीही आकडा बरा दिसू शकतो.

म्हातारं कुत्रं कोपऱ्यात अडकून उभं राहतं, रात्री भुंकत फिरतं, घरातच लघवी करतं, अशी लक्षणं तारखेसह लिहून ठेवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. वयानेही असं होतं. गाय भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, गोल फिरू लागली किंवा लाळ गाळू लागली, तर मात्र धुरावर बोट ठेवून बसू नका. जुन्या बॅटरीतलं शिसं चाटण्यात आलेलं असू शकतं, रेबीजही असू शकतो. तिच्या तोंडात हात घालू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.