जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे कितीतरी धडधाकट लॅपटॉप बाहेर राहिले. अशा मशीनवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती जरूर बघावी. प्रोसेसर ६४-बिट आणि रॅम किमान २ जीबी हवी. रोजच्या कामाला ४ जीबी धरून चाला.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मिंटची आयएसओ फाईल (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाईल) नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही, ती रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने लिहावी लागते. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवली की पेनड्राइव्ह जुन्या बायोसवरही (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) चालतो आणि त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयवरही. आयएसओ ताजीच उतरवा. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर जुना बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, एसबॅट या जुने असुरक्षित बूटलोडर अडवणाऱ्या तपासणीत अडकतो आणि मशीन तिथेच बंद पडतं.

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून 'शट डाऊन' करा. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट उगाच बंद करू नका, मिंट त्यासह चालतं.

आता पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करा आणि लगेच बूट मेन्यूची की दाबत राहा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. एसरवर एफ१२ चा मेन्यू कधीकधी आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. मेन्यू आला, पण पुढे काळा पडदाच राहिला, तर दोष बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. पुन्हा बूट करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा.

डेस्कटॉप दिसल्यावर वेगावरून मत बनवू नका. प्रत्येक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून वाचला जातोय, तो उघडायला वेळ लागणारच. शिवाय तुम्ही जे सेव्ह कराल ते रॅममध्ये साठतं आणि बंद केल्यावर जातं. २ जीबीच्या मशीनवर मोठी फाईल उतरवली किंवा ब्राउझरमध्ये बरेच टॅब उघडले की सगळं गोठतं, ते याचमुळे.

तपासायचं ते हार्डवेअर. वायफायची यादीच येत नसेल तर चिप ब्रॉडकॉमची असण्याची शक्यता मोठी. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, सुचवलेला ड्रायव्हर तिथूनच टाकता येतो. मग स्पीकर, हेडफोन, माइक, कॅमेरा, ब्राइटनेसच्या की, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल. यूट्यूबवर १०८०पी व्हिडिओ अडखळला तर ७२०पी लावा: जुन्या ग्राफिक्सला यूट्यूबचा व्हीपी९ हा व्हिडिओ फॉरमॅट डीकोड करता येत नाही, तो भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा घोंघावू लागतो.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी म्हणजे झाकण मिटून पाच मिनिटं थांबणं. उघडल्यावर पडदा काळाच राहिला किंवा वायफाय परत जोडलं गेलं नाही, तर तोच त्रास इन्स्टॉल केल्यावर रोज होईल. अशा वेळी मिंटची नव्या कर्नलची (हार्डवेअर सांभाळणाऱ्या गाभ्याची) आयएसओ मिळत असेल तर ती लिहून पुन्हा बघा.

तोवर डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल' आयकॉनला हात लावू नका. चाचण्या पास झाल्या आणि लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर इन्स्टॉल करण्याआधी एसएसडी बसवून घ्या. जुन्या मशीनच्या वेगात तिच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, आणि विंडोजची मूळ डिस्क डेटासकट जशीच्या तशी बाजूला ठेवता येते.