शहरात युद्धस्मारक उभारताना जागेच्या बाबतीत या चुका टाळा

नंदुरबारमध्ये ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे चार सोबती गोळीबारात पडले, आणि त्यांचे स्मारक शहराच्या त्याच जुन्या भागात, माणिक चौकात आहे. सीमेवर वीरगती मिळालेल्या जवानांच्या स्मारकाला अशी जागा आयती मिळत नाही. ती नगरपरिषदेला किंवा महापालिकेला मिळवावी लागते, आणि खानदेशातील अनेक चांगले संकल्प याच टप्प्यावर अडकतात.

पहिली चूक म्हणजे सभेचा ठराव हाच अधिकार समजणे. नगरपरिषदांची कर्तव्ये १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये आहेत, तर जळगाव, धुळे येथील महापालिकांची १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ६३ आणि ६६ मध्ये. बंधनकारक आणि ऐच्छिक कामे तेथे वेगळी केलेली आहेत. स्मारक हे पाणी, गटार, दिवाबत्ती यांच्या रांगेतले बंधनकारक काम नव्हे, म्हणून ठरावात कोणत्या तरतुदीखाली आणि कोणत्या निधीतून खर्च होणार हे स्पष्ट लिहिलेले असावे. ते नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि काम अर्ध्यावर थांबते.

दुसरी चूक मी जवळून पाहिली आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. एका गावात एका वृद्ध शेतकऱ्याने रस्त्याकडेची चार गुंठे जमीन स्मारकासाठी देऊ केली. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘राजीखुशीने देत आहे’ असे लिहून अंगठा झाला, नारळ फुटला आणि पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी ते वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली, आणि सुरतेला स्थायिक झालेल्या दोन मुलांनी संमती नाकारली. कोरून आलेली शिळा गोणपाटात गुंडाळून कित्येक वर्षे गोदामात पडून राहिली. तिच्यावर ज्याचे नाव होते, त्याची आई दर २६ जानेवारीला तेथे जाऊन गोणपाट बाजूला करून नावावरून हात फिरवीत असे. यात दोष मुलांचा नव्हता, कागदाचा होता. स्थावर मिळकतीचे दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होते. दाता हयात असतानाच दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा, लगेच फेरफार करून घ्यावा आणि मोजणी करून हद्दीचे दगड बसवावेत. अशा प्रकरणात अडकलेल्यांना दोनच मार्ग उरतात: सर्व वारसांकडून नव्याने नोंदणीकृत दस्त घेणे किंवा रीतसर संपादनाकडे वळणे.

देणगी घेण्यापूर्वी सातबाऱ्यावरील भोगवट्याचा प्रकार वाचावा. भोगवटादार वर्ग-२ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, तसेच शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन असण्याची शक्यता मोठी असते, आणि तिला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे संरक्षण आहे. ते संरक्षण योग्यच आहे. त्याला वळसा घालून उभारलेले स्मारक कोणत्याही जवानाला शोभणार नाही. गायरानाचाही मोह धरू नये, कारण २०११ पासून त्यावरील निर्बंध कडक झाले आहेत.

चौकाच्या मध्यभागी स्मारक हवे, असा आग्रह जवळजवळ प्रत्येक गावात होतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या ठिकाणी पुतळे व बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली आहे. शिवाय पुतळा असेल तर राज्य शासनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना लागू होतात. म्हणून आधी चौक ठरवून मग परवानगी शोधण्याऐवजी, विकास आराखड्यात स्मारकासाठी आरक्षण आहे का हे पाहावे.

आरक्षण नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली किरकोळ फेरबदलाचा प्रस्ताव करता येतो. त्यासाठी सूचना प्रसिद्ध करून हरकतींना एक महिना द्यावा लागतो. हा वळसा वाटला तरी तो घ्यावा, कारण आराखड्यात आरक्षित झालेली जमीन कलम १२५ नुसार सार्वजनिक प्रयोजनाची मानली जाते आणि पुढचा मोठा वाद टळतो. त्यानंतर कलम १२६ खाली वाटाघाटीने, हस्तांतरणीय विकास हक्क (जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा सक्तीच्या संपादनाने जमीन घेता येते. लहान गावात विकास हक्काला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, त्यामुळे माझे मत वाटाघाटीच्या बाजूचे आहे.

आरक्षण टाकून स्वस्थ बसणे ही त्यापुढची चूक आहे. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन घ्या, नाहीतर सोडा’ अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आहे. सूचना हाती पडली की आवक क्रमांकाची तारीख लाल शाईने फाईलवर लिहावी. खर्चाचा अंदाजही रेडीरेकनरच्या दरावर थांबवू नये, कारण २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानुसार ठरलेल्या भरपाईवर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते.

तापीकाठची काळी जमीन हा वेगळा विषय आहे. ती पावसात फुगते, चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा देते, आणि वरवर बांधलेला चबुतरा दुसऱ्या उन्हाळ्यातच तडकतो. सेवेतून काढलेला टी-५५ रणगाडा ठेवायचा असेल तर त्याचे वजन सुमारे ३६ टन आहे. पाया मुरुमापर्यंत नेल्याशिवाय तो ठेवू नये. आधीच तडा गेला असेल तर सिमेंट भरत बसू नये. चबुतऱ्याभोवती पाणी कोठून मुरते ते शोधून प्रथम त्याचा निचरा करावा.

शिळेवर अशोकस्तंभाची राजमुद्रा कोरू नये. तिचा वापर २००५ च्या कायद्याने नियंत्रित आहे. नावांची यादी गावातील आठवणींवरून न करता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून लेखी घ्यावी, आणि कोरण्यापूर्वी प्रत्येक घरी जाऊन नाव, वडिलांचे नाव व पलटण वाचून दाखवावी. सर्व नावे एकाच मोठ्या शिळेवर घेण्याऐवजी प्रत्येक नावाची वेगळी पाटी बसवावी, म्हणजे एखादी वेलांटी चुकली तर एकच पाटी बदलावी लागते.